बंदा रुपया : ओळख, प्रत आणि मोल

व्यवहारातून गेलेली नाणी मराठी माणसाच्या बोलण्यात मात्र अजून खुळखुळत असतात. भरवशाच्या माणसाला आपण 'बंदा रुपया' म्हणतो. पटलेली गोष्ट 'सोळा आणे खरी' असते, गवयाचा आवाज 'खणखणीत' असतो, संसार 'पै पै जोडून' उभा राहतो आणि सोयरीक जुळवण्याआधी नाणे 'वाजवून' घ्यायचे असते. एका पिढीने हे शब्द रोज हाताळले, दुसरीने ऐकले आणि तिसरी आता विचारते, "आजी, आणा म्हणजे काय गं?"

शब्दांप्रमाणे प्रत्यक्ष नाणीही अनेक घरांत आहेत. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आजोबा-पणजोबा रेल्वे, पोस्ट, बँका आणि सरकारी कचेऱ्यांतल्या नोकऱ्यांसाठी मुलूख सोडून कोलकात्यास आले. त्यांच्या ट्रंकेतून पितळी देव आले, पैठण्या आल्या आणि एखाद्या कापडी पिशवीत राणी छाप किंवा राजा छाप चांदीचे रुपयेही आले. ही पिशवी वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला बाहेर निघते. तिच्यात नेमके काय आहे, हे मात्र घरातल्या कोणालाच सांगता येत नाही. काहींना वाटते, जुने आहे म्हणजे लाखांचे असणार. काहींना वाटते, चांदी आहे, वजनावर मोडून टाकू. दोन्ही समज चुकीचे आहेत आणि दोन्हींमुळे नुकसान होते.

पेशवाईत या कामासाठी स्वतंत्र अधिकारी असे, तो म्हणजे पोतदार. सरकारी खजिन्यात भरणा होणारे प्रत्येक नाणे पारखून घेणे हे त्याचे काम. आज पोतदार हे केवळ आडनाव उरले आहे. या लेखापुरते आपण सर्वांनीच पोतदार व्हावे आणि हाती आलेल्या रुपयाला तीन प्रश्न विचारावेत : तू कोण? कोणत्या स्थितीत आहेस? आणि तुझे मोल काय?

नाणी काय सांगतात?

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्यासाठी एक मराठी मुलखातले आणि एक कोलकात्याचे, अशी दोन उदाहरणे देतो.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी होती आणि ती सर्व क्षहरात क्षत्रप नहपान याची होती. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. खाली नहपानाचा चेहरा आणि त्यावर सातवाहनांची टेकडीची व उज्जैनची चिन्हे! सातवाहनांनी क्षत्रपांचा पराभव केला, हे नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांतून कळत होतेच, पण त्याचा असा हातात धरता येण्याजोगा पुरावा या साठ्याने दिला. पराभूत राजाचा पैसा जिंकणाऱ्याने आपल्या नावाने चालवला, ही हकिगत त्या नाण्यांच्या दोन थरांत आहे. ती नाणी कोणी वितळवली असती, तर चांदी तेवढी उरली असती आणि ही हकिगत गेली असती.

दुसरे उदाहरण जेम्स प्रिन्सेप यांचे. गंगेकाठच्या प्रिन्सेप घाटावर आपण फिरायला जातो. ज्यांच्या नावाचा तो घाट, ते गृहस्थ व्यवसायाने नाणेपारखी होते. आधी बनारसच्या आणि नंतर कोलकात्याच्या टांकसाळीत धातूचा कस तपासणे ही त्यांची नोकरी. त्या निमित्ताने जुनी नाणी हाताखालून जाऊ लागली. इंडो-ग्रीक राजांच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपी असे. राजाचे नाव ग्रीकमध्ये वाचता येत होते, त्यावरून खरोष्ठी अक्षरे लागत गेली. पुढे १८३७च्या सुमारास अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी लिपीही त्यांनी उलगडली. सम्राट अशोकाची आपल्याला पुन्हा ओळख झाली, त्यात एका टांकसाळीच्या पारख्याचा असा मोठा वाटा आहे.

रुपयाची वंशावळ

रुपयाचे घराणे शेरशाह सूरीपासून सुरू होते. १५४० ते १५४५ या अवघ्या पाच वर्षांच्या कारकिर्दीत त्याने सुमारे १७८ ग्रेन वजनाचा चांदीचा रुपया रूढ केला. मुघलांनी तो तसाच पुढे चालवला आणि पुढची तीन-चारशे वर्षे वजनात फारसा फरक न पडता तो टिकला.

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला आणि स्वराज्याची स्वतःची नाणी निघाली : सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', तेही फारसीत नव्हे तर देवनागरीत. होन आज अत्यंत दुर्मिळ आहे. शिवराई त्या मानाने पुष्कळ सापडते, कारण पुढच्या छत्रपतींच्या व पेशव्यांच्या काळातही ती पाडली जात होती. म्हणूनच 'आमच्याकडची शिवराई महाराजांच्या वेळचीच' असे लगेच समजू नये. अक्षरांचे वळण, बिंदूंची किनार आणि वजन पाहून जाणकार तिचा काळ ठरवतात.

पेशवाईत पुण्याकडे 'अंकुशी' रुपया प्रसिद्ध होता. त्यावर हत्तीच्या अंकुशाचे चिन्ह असे, पण मजकूर मात्र मुघल बादशहाच्या नावाचा आणि फारसीत. अहिल्याबाई होळकरांच्या (१७६७–१७९५) रुपयांवरही शाह आलमचेच नाव आहे, त्याच्या जोडीला शिवलिंग आणि बेलाचे पान. प्रत्यक्ष सत्ता मराठ्यांची असताना नाव बादशहाचे का? कारण नाणे चालते ते विश्वासावर. सराफाला आणि शेतकऱ्याला जी छाप ओळखीची, तीच बाजारात बट्टा न लागता चालायची. राजकारण बदलले तरी बाजाराची सवय लवकर बदलत नाही. हे नाणी जितके स्पष्ट दाखवतात तितके बखरी दाखवत नाहीत.

पुढे मराठी संस्थानिकांनी यंत्रावर नाणी पाडली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या रुपयावर त्यांची मुद्रा आणि देवनागरी मजकूर आहे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या तांब्याच्या पाव आण्यावर राजाची मुद्रा एका बाजूस, तर सूर्य व नाग असलेले राजचिन्ह दुसऱ्या बाजूस आहे. इंदूरच्या होळकरांचे पाव आणे आणि अर्धे आणेही अनेक घरांत आढळतात. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाने ही नाणी विशेष आपुलकीने पाहावीत, कारण आपल्या आधी मुलूख सोडून गेलेल्यांच्या या खुणा आहेत.

१८३५च्या कायद्याने कंपनी सरकारने देशभर एकच रुपया केला : वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आजच्या हिशेबात ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. घरोघरी हाच रुपया वजन म्हणूनही वापरत आणि औषधाच्या पुडीपासून केशरापर्यंत 'रुपयाभार' मोजत. स्ट्रँड रोडवरची जुनी, ग्रीक मंदिरासारख्या खांबांची टांकसाळ १८२९ पासून चालू होती. १९५२ साली तिचे काम अलिपूरच्या नव्या टांकसाळीत गेले. आपल्या पिशवीतले बरेच रुपये याच शहरात जन्मले असण्याचा संभव आहे. ते कसे ओळखायचे, ते पुढे येईलच.

पहिला प्रश्न : तू कोण?

नाण्याच्या दोन बाजू आपण छापा आणि काटा म्हणतो. छाप्यावर राजा किंवा राणी, काट्यावर किंमत आणि साल. ओळख पटवण्याचा क्रम सोपा आहे.

प्रथम मुद्रा पाहावी. १८३५चा रुपया चौथ्या विल्यमचा. त्यावर चौथ्याचा आकडा चार उभ्या रेघांनी लिहिलेला आहे. मानेच्या कापावर काही नाण्यांत बारीक अक्षरे असतात : 'आर. एस.' म्हणजे टांकसाळप्रमुख रॉबर्ट साँडर्स आणि 'एफ' म्हणजे त्यांच्यानंतरचे फोर्ब्स. १८४०चा रुपया तरुण व्हिक्टोरिया राणीचा, मुकुट नसलेला. यात दोन प्रकार आहेत. एकात राणीचे नाव डोक्यावरून सलग गेलेले, तर दुसऱ्यात दोन बाजूंस विभागलेले. मागच्या बाजूच्या पानांच्या वेलातील फळांची संख्याही वेगवेगळ्या ठशांत निराळी असते. ती भिंगाखाली मोजत बसणे हा छांदिष्टांचा रविवारचा उद्योग!

१८६२ पासून मुकुटधारी राणी. १८७६ पर्यंत 'क्वीन' आणि १८७७ पासून 'एम्प्रेस', म्हणजे सम्राज्ञी. एका शब्दाच्या बदलात केवढा इतिहास आहे पाहा. १९०३ पासून सातवा एडवर्ड. याच्या डोक्यावर मुकुट नाही. १९११ पासून पाचवा जॉर्ज, मुकुट आणि झगा घातलेला. १९३८ पासूनच्या रुपयांवर सहावा जॉर्ज. १९४७चा रुपया निकेलचा असून त्याच्या काट्यावर वाघ आहे. स्वतंत्र भारताची स्वतःची नाणी १५ ऑगस्ट १९५० रोजी आली, त्यांवर राजाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे ६४ पैसे जाऊन १०० नये पैसे झाले.

दुसरी पायरी साल. येथे एक गंमत लक्षात ठेवावी. १८४० लिहिलेले रुपये त्याच सालचे असतील असे नाही, ते साल पुढे १८६१ पर्यंत तसेच राहिले. १८६२ हे सालही १८७४ पर्यंत गोठलेले होते. खरे वर्ष कळावे म्हणून नाण्यावर बारीक ठिपके देत. ठिपके मोजणारा त्या नाण्याचे खरे वय सांगू शकतो.

संस्थानी आणि जुन्या नाण्यांवर सन वेगळे असतात. विक्रम संवतातून ५७ वजा करावेत आणि शकात ७८ मिळवावेत, म्हणजे इसवी सन मिळतो (काही महिन्यांत एका वर्षाचा फरक पडतो). हिजरी वर्ष चांद्र असल्याने नुसती बेरीज चालत नाही. हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळवावेत. उदाहरणार्थ, हिजरी १२०० म्हणजे ११६४ अधिक ६२२, अर्थात १७८६च्या आसपास.

तिसरी पायरी टांकसाळ. कोलकात्याच्या रुपयांवर सहसा कोणतीच खूण नसते, मुंबईच्या रुपयांवर सालाखाली किंवा तळाच्या नक्षीत बारीक 'बी' अक्षर अथवा ठिपका असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लाहोरला टांकसाळ निघाली, तिची खूण 'एल'. फाळणीपूर्वीच्या लाहोरचा हा धागा आजही खिशात मावतो. सध्याच्या नाण्यांतही सालाखाली पाहा : काहीच नसेल तर कोलकाता, चौकटच्या आकाराची खूण असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद आणि गोल ठिपका असेल तर नोएडा. मुलांना हा खेळ शिकवावा. सुट्ट्या पैशांच्या डब्यातून भारताचा नकाशा तयार होतो.

खरा की खोटा?

ओळख पटली तरी शंका राहते. पूर्वी सराफ नाणे दगडावर वाजवून पाहत आणि त्यावर आपली बारीक खूणही ठोकत. आपण ठोकाठोकी न करता तपासावे.

दागिन्यांसाठी मिळतो तसा छोटा काटा घ्यावा. चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम, झिजलेला असल्यास थोडा कमी. ग्रॅम-दीड ग्रॅमची तूट दिसली तर संशय घ्यावा. दुसरी कसोटी पाण्याची. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून, तळाला वा कडेला न टेकवता पाण्यात बुडवावे. काटा जो आकडा दाखवील, तेवढे पाणी नाण्याने बाजूला सारले. अस्सल रुपयाला हा आकडा सुमारे १.१३ ग्रॅम येतो. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, त्या रुपयांना तो सुमारे १.२२ येतो. पितळेचा मुलामा दिलेला रुपया १.३७च्या घरात जाईल. आर्किमिडीजची युक्ती दोन हजार वर्षांनंतरही आपल्या स्वयंपाकघरात चालते. लोहचुंबकाला चांदी चिकटत नाही, १९४७चा निकेलचा रुपया मात्र चिकटतो, म्हणून तो खोटा समजू नये.

मग भिंग घ्यावे. ओतीव नकलेवर बारीक खड्डे दिसतात, अक्षरे वितळल्यासारखी गुळगुळीत असतात आणि कडेवर जोड दिसतो. १९४० पासूनच्या चांदीच्या रुपयांच्या कडेला मधोमध खास खाच दिलेली आहे, ती नकली नाणे करणाऱ्यांना आवरण्यासाठीच.

काही नाण्यांच्या बाबतीत जास्त सावध राहावे. १९३९चा रुपया ब्रिटिश रुपयांत सर्वांत दुर्मिळ गणला जातो, कारण चांदी कमी करण्याचा निर्णय झाल्यावर त्यांतले बहुतेक बाहेर न पडताच आटले. त्यामुळे १९३८च्या रुपयातील आठाचा नऊ करणारे कारागीर निघाले. अशा नाण्यात शेवटच्या आकड्याभोवतीची जमीन खरवडलेली दिसते. १९११च्या रुपयाची गोष्ट वेगळी. पाचव्या जॉर्जच्या झग्यावर हत्ती आहे, पण सोंड आखूड पडल्याने तो लोकांना डुकरासारखा दिसला. हिंदू आणि मुसलमान दोघेही नाराज झाले. नाणी परत घेण्यात आली आणि १९१२ पासून हत्तीची सोंड सुधारली. हा 'डुक्कर छाप' रुपया संग्राहकांना प्रिय आहे, पण १९३९ इतका दुर्मिळ नाही.

राम दरबार किंवा हनुमान असलेली, '१८१८' वा '१६१६' सालची, 'ईस्ट इंडिया कंपनीची' म्हणून विकली जाणारी नाणी जत्रेत आणि स्टेशनाबाहेर हमखास दिसतात. कंपनीने अशी नाणी कधीच काढली नाहीत. देवळातील रामटंके हा वेगळा प्रकार असून ते पूजेचे टाक आहेत, चलन नव्हे. श्रद्धेने देव्हाऱ्यात ठेवायला हरकत नाही, पण त्यापायी पैसे घालवू नयेत.

दुसरा प्रश्न : कोणत्या स्थितीत आहेस?

इंग्रजीत याला 'ग्रेडिंग' म्हणतात. आपण 'प्रत लावणे' म्हणू. बाजारात चालणारे शब्द असे : राजाची फक्त बाह्यरेषा आणि साल दिसत असेल तर 'गुड', मुख्य भाग ओळखता येत असतील तर 'फाइन', बारकावे बरेचसे शाबूत असतील तर 'व्हेरी फाइन', उंच भागांवर किंचित झीज असेल तर 'एक्स्ट्रीमली फाइन' आणि व्यवहारात न फिरलेले, टांकसाळीची झळाळी असलेले ते 'यूएनसी'. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० असे गुण सुचवले. तीच पद्धत आता जगभर वापरतात, त्यात ६० आणि वरचे गुण न वापरलेल्या नाण्यांना मिळतात.

येथे शब्द फसवे आहेत. 'गुड' म्हणजे चांगले नव्हे, तर बऱ्यापैकी झिजलेले! विकणारा 'गुड' म्हणाला की खूश होऊ नये.

झीज कुठे पाहायची? नाण्याचा जो भाग उंच, तो आधी झिजतो. व्हिक्टोरियाच्या रुपयावर मुकुटाची नक्षी, कानावरचे केस आणि बाहीवरची कलाकुसर पाहावी. पाचव्या जॉर्जवर मुकुट, भुवई, कान आणि झग्यावरचा हत्ती. हत्ती स्पष्ट असेल तर रुपया बहुधा फारसा फिरलेला नाही. नाणे दिव्याखाली तिरके धरून हळू फिरवावे. न वापरलेल्या नाण्यावर उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. घासलेल्या नाण्यावर उजेड एकजात चमकतो आणि भिंगातून केसासारखे बारीक ओरखडे दिसतात.

या ओरखड्यांसाठीच हा सगळा लेख लिहिला आहे. दरवर्षी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी घराघरांत चिंच, मीठ, राख आणि भांडी घासायची पावडर घेऊन रुपये 'लख्ख' केले जातात. हेतू पवित्र असतो यात शंका नाही, पण प्रत्येक घासणीबरोबर नाण्याच्या वरचा पातळ थर जातो. शंभर वर्षांत जमलेली करडी, निळसर, सोनेरी छटा ही घाण नसून नाण्याच्या वयाची साक्ष आहे. ती एकदा गेली की कोणत्याही उपायाने परत येत नाही. लढाया, दुष्काळ आणि फाळणी यांतून सुखरूप आलेले नाणे मोरीत घासणीखाली मार खाते! जाणकार ग्राहक असे नाणे हातात घेताच खाली ठेवतो आणि उत्तम प्रतीचा रुपया चांदीच्या भावावर येतो.

दुसरे मोठे नुकसान दागिन्यांमुळे. रुपयांना कडी लावून माळ करत. सोन्याच्या पुतळ्या मुळात व्हेनिसच्या डुकाट नाण्यांवरून आल्या आणि त्यांवरच्या आकृतींमुळे 'पुतळी' म्हणवल्या गेल्या. डाग दिलेल्या किंवा भोक पाडलेल्या नाण्याची संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते. मात्र पणजीच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ ही तिच्यापरीने इतिहासच आहे. ती मोडून नाणी सुटी करू नयेत.

तिसरा प्रश्न : तुझे मोल काय?

मोल चार गोष्टींवर ठरते : धातू, दुर्मिळता, प्रत आणि मागणी.

धातूचा हिशेब सोपा आहे. ११.६६ ग्रॅमच्या जुन्या रुपयात शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. समजा चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये असेल, तर या रुपयातली चांदी १,०६९ रुपयांची झाली. १९४० ते १९४५च्या रुपयात चांदी निम्मी, म्हणजे ५.८३ ग्रॅम, म्हणून ५८३ रुपये. त्या दिवशीचा भाव घालून कोणीही हा आकडा काढू शकतो. ही झाली तळाची किंमत. हिच्या खाली कोणी मागितले तर सरळ नाही म्हणावे.

त्यावर किती, हे दुर्मिळता आणि प्रत ठरवतात. वय नव्हे! कुषाणांचे झिजलेले तांब्याचे नाणे जवळजवळ दोन हजार वर्षांचे असूनही १९३९च्या रुपयापेक्षा कितीतरी स्वस्त असू शकते, कारण तसली नाणी हजारोंनी सापडली आहेत. राणीचे आणि पाचव्या जॉर्जचे बहुसंख्य रुपये कोट्यवधींनी निघाले. साधारण प्रतीत ते चांदीच्या भावापेक्षा थोडे वर जातात, इतकेच. मात्र तोच रुपया अव्वल प्रतीत असेल तर किंमत कित्येक पटींनी वाढते. मागणी हा चौथा घटक. शिवराई महाराष्ट्रात जितकी आपुलकीने विकत घेतली जाईल तितकी दुसरीकडे नाही.

किंमत जाणून घेण्यासाठी छापील सूचीपत्रे उपयोगी पडतात, पण त्यातले आकडे विक्रेत्याचे असतात, आपल्या हाती येणारे नव्हेत. जाहीर लिलावात तसेच नाणे प्रत्यक्ष किती रुपयांना गेले, तो आकडा अधिक खरा. किमान दोन निरनिराळ्या जाणकारांना विचारावे आणि दाखवायला नेताना नाणे नजरेआड होऊ देऊ नये.

'वैष्णोदेवीचे पाच रुपयांचे नाणे द्या, दहा लाख घ्या' असे निरोप मोबाइलवर फिरतात. नोंदणी शुल्क, कर, दलाली म्हणून आधी तुमच्याकडूनच पैसे मागतात आणि मग गायब होतात. अशा प्रकरणी आपल्या नावाचा वापर होत असल्याचे पाहून रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला : अशा व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही आणि बँक कसलेही शुल्क मागत नाही. आपल्यातील ज्येष्ठ मंडळींनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

जतन आणि कायदा

नाणे नेहमी कडेने धरावे. घामाचा ठसा चांदीवर कायमचा उमटतो. रबर बँड आणि वर्तमानपत्राचा कागद चांदी काळी करतात. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या टाळाव्यात. पुठ्ठ्याच्या चौकटी किंवा कोरे, पातळ कागदी पाकीट उत्तम. माती लागली असेल तर शुद्ध पाण्यात भिजवून मऊ सुती कापडाने नुसते टिपावे, चोळू नये. प्रत्येक पाकिटावर साल, टांकसाळ, वजन आणि 'कोणाकडून आले' हे लिहावे. शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची, कारण बाकीचे कोणीही पुन्हा शोधू शकेल, हे मात्र फक्त आपणच सांगू शकतो.

कायद्याच्या दोन गोष्टी. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते. ते व्यक्तिशः परदेशी नेता वा पाठवता येत नाही. मुलगा अमेरिकेत आहे म्हणून पणजोबांचा राणी छाप रुपया त्याच्या सामानात घालू नये. तसेच १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेले दहा रुपयांवरील मोलाचे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

अभ्यास करावासा वाटला तर इंडियन म्युझियममध्ये नाण्यांचा मोठा संग्रह आहे. मुंबईला रिझर्व्ह बँकेने २००४ साली नाणे संग्रहालय उघडले. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० साली स्थापन झालेली नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे. गावी जाणे झाले तर वाट थोडी वाकडी करावी.

माझ्या पाहण्यातल्या एका घरी आजीचे चाळीस-पन्नास रुपये होते. वाटणीत तंटा नको म्हणून मुलांनी ते आटवून चांदीचे ताट-वाटी केले. ताट सुंदर आहे. पण त्यात राणीचे किती, राजाचे किती, मुंबईचे किती आणि लाहोरचा एखादा होता का, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. चांदी वाटून घेता येते, आठवण वाटता येत नाही. नाणी तशीच ठेवून एकेक वाटली असती तर प्रत्येक घरी आजी थोडी-थोडी गेली असती.

वाचकहो, गणरायाला निरोप दिला की दिवाळी फार दूर नसते. यंदा पिशवी उघडाल तेव्हा एवढेच करा. अभिषेकासाठी एक झिजलेला, साधा रुपया किंवा नवे चांदीचे नाणे वेगळे काढा. बाकीची नाणी ताम्हनात कापडावर मांडा, हळद-कुंकू विड्याच्या पानावर वाहा. लक्ष्मी रागावणार नाही. मग नातवंडांना जवळ बसवून एक भिंग द्या आणि सालाखालचा ठिपका शोधायला सांगा. 'आणा म्हणजे काय' याचे उत्तर त्यांना तिथेच मिळेल आणि बंदा रुपया पुढच्या पिढीच्या हाती बंदाच जाईल.